मास्तर आणि आगाऊ

दिगंबरराव भेटले की "कसं काय" विचारत नाहीत. हात पुढे करतात आणि म्हणतात, "फोन बघू."

नवा माणूस दचकतोच. हैदराबादेत, विद्यानगरच्या आमच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या दंतवैद्यांनी तर पहिल्याच दिवशी खिसा दाबून धरला होता. पण दिगंबररावांना तुमचे फोटो बघायचे नसतात की निरोप वाचायचे नसतात. त्यांना फक्त दोन बटणं बंद करायची असतात. आपण लिहिलेला शब्द फोन आपल्याला न विचारता बदलून टाकतो, ते एक. आणि आपण एक शब्द लिहिला की पुढचा कुठला लिहावा हे फोन आधीच सुचवत बसतो, ते दुसरं. पहिल्याला ते म्हणतात मास्तर. दुसऱ्याला म्हणतात आगाऊ.

"मास्तर चालू का बंद?" असं ते जिन्यात अडवून विचारतात. चालू आहे म्हणालात की संपलं. चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाजवळ धरून, तिथल्या तिथे दोघांची गच्छंती करतात. त्या दंतवैद्यांच्या फोनचा बंदोबस्त त्यांनी स्वतःची दाढ काढून घेताना केला. तोंडात कापूस होता म्हणून खुणेनेच मागितला. चिक्कडपल्लीच्या बाजारात भाजी विकणारी यादम्मा आहे, तिला लिहिता-वाचता येत नाही. ती फोनमध्ये बोलून निरोप धाडते. तरी तिच्याही फोनमधला मास्तर त्यांनी घालवला. मी म्हटलं, "अहो, ती लिहितच नाही." तर म्हणाले, "असू द्या वैनी. उद्या लिहायला लागली तर?"

हे सगळं सुरू झालं माझ्यापासून, हे कबूल केलं पाहिजे. आमची घराणी मराठवाड्यातून निजामाच्या काळात इथं आली, कचेऱ्यांत चिकटली आणि इथलीच झाली. आमच्या मराठीत उर्दू शिरली, तेलुगू शिरली. 'हो'ला आम्ही 'हौ' म्हणतो आणि 'नको' म्हणताना 'क'वर असा जोर देतो की त्याचा 'नक्को' होतो. दिगंबरराव बोलतात तसंच लिहितात. एका सकाळी नळ कोरडा होता म्हणून मी वरच्या मजल्यावर त्यांना निरोप पाठवला, "तुमच्याकडे पाणी येतंय का?" उत्तर आलं, "हौद." माणसानं घरात हौद बांधलाय आणि आपल्याला पत्ता नाही, म्हणून मी दोन बादल्या घेऊन वर गेले. ते दारात उभे, मी दारात उभी, मध्ये बादल्या. त्यांनी 'हौ' लिहिलं होतं. मास्तरनं त्याचा हौद केला होता.

त्यावर आम्ही दोघं हसलो. पण पुढच्या खेपेला हसायला फक्त मी होते. आमच्या मराठी मंडळाच्या चिटणीसांनी त्यांना विचारलं, वार्षिक संमेलनात चार शब्द बोलाल का? दिगंबररावांनी जन्मात भाषण केलेलं नाही. त्यांनी तत्काळ लिहिलं, "नक्को." गेलं, "नक्की." पत्रिका छापून आली तेव्हा त्यात त्यांचं नाव अध्यक्षांच्या खालोखाल होतं. बिचारे उभे राहिले आणि आपल्याला बोलायचं का नव्हतं यावरच बराच वेळ बोलले. लोकांना ते इतकं आवडलं की पुढच्या वर्षीही बोलावलं.

त्या भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी ते आबिड्सला गेले, फोन घेतलेल्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "क्या साब, लोगां ये चालू करने कू आते, आप बंद करने कू आए?" दिगंबरराव म्हणाले, "हौ." दुकानदारानं कुठं काय दाबायचं ते दाखवलं, यांनी कागदावर लिहून आणलं, आणि तेव्हापासून विद्यानगरात कुणाचाही फोन सुरक्षित राहिला नाही.

माझाही नाही. माझा मास्तर गेला त्याच आठवड्यात माझ्याकडे हळदीकुंकू होतं. मी चाळीस बायकांना बोलावणं धाडलं. घाईत बोट कुठं पडलं देव जाणे, 'आमच्याकडे हळदीकुक्का आहे, अवश्य यावे' असं गेलं. तेलुगूत कुक्का म्हणजे कुत्रा. समोरच्या घरातली पद्मा दार वाजवून विचारायला आली, "क्या जी, कुक्के कू हल्दी कायकू लगा रे?" मी तरातरा वर गेले आणि म्हटलं, तुमचा मास्तर आत्ताच्या आत्ता परत आणा.

"नक्को," दिगंबरराव म्हणाले. "चूक आपली असावी वैनी. उसन्या शुद्धीला काय चाटायचंय?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, कारण हा माणूस कोण होता ते मला ठाऊक होतं. सरकारी कचेरीत इतरांच्या मसुद्यांतल्या चुका काढण्यात यांची सगळी नोकरी गेली. आणि निवृत्त झाल्यावर हाताशी मसुदे नाहीत म्हटल्यावर यांनी स्वतःच्या मुलीला धरलं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

मंजिरी त्यांची एकुलती एक. आई ती कॉलेजात असतानाच गेली, तेव्हापासून घरात बापलेक दोघंच. मंजू बोलायला लागली की खाली माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं. "बाबा, काय करू लाले? चहा ठेवू का? नक्को? बरं, मग मीच पिऊ लाले." सकाळपासून नुसता चिवचिवाट. मग पुण्याचं स्थळ आलं. माणसं चांगली होती, आजही चांगलीच आहेत. मुलाच्या आत्यानं विचारलं, "स्वयंपाक येतो का गं?" मंजू म्हणाली, "हौ, सगळं मीच करू लाले की!" आत्याबाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत. "किती गोड बोलते!" म्हणाल्या. आमचं बोलणं ऐकून पुण्याचा माणूस आधी हसतो आणि मग गोड आहे म्हणतो. ते गोड फार झोंबतं. मी दिगंबररावांकडे पाहिलं, तर ते खाली सतरंजीकडे बघत होते.

लग्न ठरलं आणि दुसऱ्या दिवसापासून वरच्या गॅलरीत शिकवणी सुरू झाली. लग्नाला सहा महिने होते. मंजूनं "हौ" म्हटलं की यांचं बोट वर. "हो." "नक्को" म्हटलं की बोट वर. "नको." "करू लाले नाही मंजू, करते आहे." सुरुवातीला ती हसायची. "बस की बाबा, पिच्चा सोडा की!" बोट वर. मग हसणं कमी झालं. मग बोलणंच कमी झालं, कारण एकेक शब्द आधी तपासून बाहेर काढायचा म्हणजे वेळ लागतो. लग्नाच्या दिवशी पाया पडताना ती म्हणाली, "येते बाबा. प्रकृतीची काळजी घ्या." दिगंबरराव मला अभिमानानं म्हणाले, "ऐकलंत? एक चूक नाही."

मग घर रिकामं झालं.

सहा-सात महिन्यांनी ते खाली आले आणि माझ्यापुढे फोन धरला. मंजूचा निरोप होता: 'बाबा, आपली प्रकृती कशी आहे? औषधे वेळेवर घ्यावीत. पावसात बाहेर पडणे टाळावे.'

"ही मंजू बोलू लाली का वैनी?" ते म्हणाले. "घ्यावीत! टाळावे! हे तर औषधाच्या पुडक्यावर लिहितात तसं."

मी म्हटलं, रविवारी फोन करते तेव्हा कशी बोलते? तर म्हणाले, "तेव्हा चार माणसांत बसलेली असते. सासरी सासरच्यासारखं बोलणारच, त्याचं काही नाही. पण लिहिताना कोण असतं? लिहिताना ती एकटीच की. तिथं ती आपलंच लिहीत असणार, आणि तो मेला मास्तर मध्ये हात घालू लाला. तिनं 'हौ' लिहिलं की हा 'होय' करतो. ती काय लिहू लाली ते माझ्यापर्यंत येतच नाही."

तेव्हा मला उलगडा झाला. हौद आणि भाषण हे निमित्त होतं. जिन्यात, बाजारात, दाताच्या खुर्चीत हा माणूस ज्याच्या त्याच्या फोनमधला मास्तर घालवत सुटला होता, कारण जो घालवायचा होता तो पुण्यात होता आणि तिथं त्याचा हात पोचत नव्हता.

"मग तिला सांगा की, बंद कर म्हणून," मी म्हटलं.

"कोणत्या तोंडानं? मीच शिकवलं, आता मीच..." आणि वाक्य अर्धं टाकून वर निघून गेले. मला त्यांचा राग यायचा तो त्या दिवसापासून येईनासा झाला.

या दसऱ्याला मंजू चार दिवसांसाठी आली. दिगंबररावांनी आठवडाभर आधी तयारी केली. मला म्हणाले, "सहज मागतो फोन. बघतो जरा, बंद करतो. तिला कळणारपण नाही. ती पुण्याला गेली की बघा मग कशी लिहू लाली ते." डोळे असे चमकत होते की मला भीती वाटली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुरमुऱ्यांचा सुशीला करून वर घेऊन गेले. मंजू अंगानं भरली होती, छान दिसत होती. दिगंबररावांनी दोन घास खाल्ले, हात पुसले, चष्मा कपाळावर सरकवला.

"मंजू, तुझा फोन बघू."

तिनं दिला. त्यांनी बोटानं एकेक पायरी उतरत ती जागा गाठली. बघितलं. पुन्हा मागं जाऊन पुन्हा तिथं आले. मग फोन माझ्याकडे दिला. मी पाहिलं. दोन्ही बटणं बंद होती.

"हे कधी बंद केलंस?" त्यांनी विचारलं.

"ते होय? फोन घेतला त्याच दिवशी," मंजू म्हणाली. "मला ते मध्येमध्ये बोललेलं आवडत नाही, बाबा. आणि गरजच पडत नाही. माझं मला लिहिता येतं. सासूबाईंच्या भजनी मंडळाची पत्रंसुद्धा मीच लिहून देते. त्या म्हणतात, हैदराबादची मुलगी वाटतच नाही." आणि मग, अगदी लहान असताना बक्षीस दाखवायला यायची तशी ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तुमच्यामुळे हो बाबा. तुम्ही किती कष्ट घेतलेत."

दिगंबररावांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. मला वाटलं, आता सांगतील. आता तरी सांगतील.

"शाबास," ते म्हणाले. "फार छान लिहितेस. मी सगळ्यांना दाखवतो."

मंजूचा चेहरा फुलला. ती चहा ठेवायला आत गेली. मी हळूच म्हटलं, "अहो, सांगा की तिला."

त्यांनी मान हलवली. "सहा महिने घासून घासून पोरीचं बोलणं उतरवलं मी, वैनी. आता परत चढव म्हणू? तिथं तिला मान मिळू लाला." मग गॅलरीकडे मान वळवली. "तिचा मास्तर मीच की हो. मला बंद करायचं बटण तिला कुणी दाखवलंच नाही." मी बशा गोळा करायच्या निमित्तानं उठले.

मंजू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते खाली आले. हातात फोन. पण या वेळी माझा मागितला नाही, स्वतःचा पुढे केला.

"दोन्ही चालू करा," म्हणाले.

"तुमच्या फोनमध्ये?"

"हौ. तिला वाचताना अडखळायला होत असेल. मी सवय लावून घेतो."

मी चालू करून दिलं. ते माझ्याच बैठकीत बसले आणि एका बोटानं लिहायला लागले. मी शेजारी बसून बघत होते. 'मंजू, तू गेल्यापासून करमना झालंय,' असं त्यांना लिहायचं होतं. करमत नाही, एवढंच. 'करमना' लिहून त्यांचं बोट उठलं आणि डोळ्यांदेखत शब्द बदलला. 'मंजू, तू गेल्यापासून करमणूक झालंय.'

मला हसू आलं आणि तोंडातच राहिलं. दिगंबरराव त्या ओळीकडे बघत होते. मी म्हटलं, "थांबा, मी नीट करून देते."

"नक्को," ते म्हणाले.

त्यांनी एकेक अक्षर पुसलं, सगळी ओळ गेली. मग नुसतं 'मी' लिहिलं आणि थांबले. खाली आगाऊनं तीन शब्द पुढे केले. त्यातला एक त्यांनी उचलला. त्यानं आणखी तीन दिले, त्यातला एक उचलला. असं करत करत निरोप पुरा झाला. 'मी कुशल आहे. काळजी नसावी.'

पाठवायच्या आधी त्यांनी फोन माझ्याकडे वळवला.

"बघा बरं वैनी. चूक नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "एकही नाही."