काष्ठमय निष्कासन उपकरण

कोषागाराच्या पहारेकऱ्याने सरावात सहा गोळ्या झाडल्या आणि सहाही पुंगळ्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत अडकून बसल्या, अशी नोंद शस्त्रागारात सकाळी रीतसर झाली.

दुरुस्तीच्या मिस्त्रीची या कामात एकतीस वर्षं गेली होती. त्याने नळीखालची दांडी दाबून पाहिली. ती वाकली होती आणि तिची स्प्रिंगही तुटली होती.

“हे जुनं हत्यार मधून उघडत नाही,” तो पहारेकऱ्याला म्हणाला. “घोडा अर्धा ओढायचा, बाजूची झडप उघडायची, दांडी मागे दाबायची. एक पुंगळी पडते. स्प्रिंगमुळे दांडी परत जागेवर जाते. मग चक्री एक खण फिरवायची. असं सहा वेळा.”

“आणि दांडीच रुसली तर?”

“तर चोराला म्हणायचं, बस जरा.”

मिस्त्रीने टेबलावरची पेन्सिल घेतली, पुंगळ्या ढकलून पाडल्या आणि नव्या दांडीचं मागणीपत्र लिहिलं. इथेच त्याचं चुकलं.

“पुंगळ्या तर निघाल्या,” भांडारप्रमुख म्हणाले. “मग दांडी नादुरुस्त कशी?”

“साहेब, त्या पेन्सिलीने काढल्या.”

“म्हणजे पर्यायी व्यवस्था उपलब्ध आहे!”

समिती नेमली गेली. तिने पुंगळ्या परत भरवल्या, पेन्सिलीने परत काढवल्या आणि टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या बैठकीत ठराव झाला: पेन्सिल हे ‘काष्ठमय निष्कासन उपकरण’ असून ते सर्व पहारेकऱ्यांना देण्यात यावे. बाकीच्या एकोणचाळीस रिव्हॉल्व्हरांच्या दांड्या ठणठणीत होत्या. पण एकसूत्रता हवी, म्हणून त्याही काढायचं ठरलं. त्यासाठी त्या निकामी असल्याचा दाखला मिस्त्रीच्या सहीने लागणार होता.

“धडधाकट दांड्यांना निकामी कसं म्हणू?”

“तुम्ही कशाला म्हणता?” प्रमुख मायेने म्हणाले. “म्हणायचं काम कागदाचं. तुम्ही फक्त सही करा.”

मिस्त्री दोन दिवस अडून बसला. तिसऱ्या दिवशी त्याच्या बदलीचा हुकूम टाइप होऊन टेबलावर आला, तेव्हा त्याने सही केली. इतकी सुबक सही त्याला आयुष्यात जमली नव्हती.

महिन्याभराने भर दुपारी दोन चोर कोषागारात शिरले. पहारेकऱ्याकडे आता दुसरं रिव्हॉल्व्हर होतं. त्याने घाबरून सहाही गोळ्या छतात घातल्या, झडप उघडली आणि पेन्सिल खुपसली. टोक आत मोडलं.

“शार्पनर देऊ का, दादा?” एका चोराने आपुलकीने विचारलं आणि दुसऱ्याने पहारेकऱ्याचं मनगट मोडलं.

उपकरणाला टोक काढून ते वापरल्याबद्दल पहारेकरी निलंबित झाला. मिस्त्री त्याला बघायला रुग्णालयात गेला.

“मामा, या रिव्हॉल्व्हरची दांडी तर चांगली होती म्हणे,” पहारेकरी प्लास्टरकडे बघत म्हणाला. “तिला निकामी कुणी ठरवलं?”

मिस्त्रीने त्याची उशी सरळ केली. ती सरळच होती.

तुम्ही म्हणाल, मी असतो तर मान दिली असती, सही नाही. शाब्बास! आणि परवा कचेरीत फिरत आलेल्या कागदावर, वरच्या अकरा जणांनी केली म्हणून तुम्हीही केलीत, ती सही कशावर होती हो?