भालेराव काकांचं बुर्गोस

इंग्लंडात स्लाऊला आमच्या गल्लीत कौन्सिलने रस्ता खणून ठेवला, तेव्हा सगळ्यांनी कंप्लेंट केली. भालेराव काकांनी मात्र खड्ड्यातल्या माणसांना चहा नेऊन दिला आणि सावकाश करा म्हणून सांगितलं. का, तर बुर्गोसच्या कॅथीड्रलचे मनोरे उभे राहायला दोनशे वर्षं लागली होती!

बुर्गोस हे स्पेनमधलं शहर. काका पोस्टातून रिटायर झालेले, आमच्या समोरच राहतात, आणि स्पेनला एकदाही गेलेले नाहीत. लायब्ररीने काढून टाकलेलं बुर्गोसवरचं एक जाडजूड पुस्तक त्यांच्या हाती लागलं, एवढंच निमित्त. मी नवा स्वेटर घातला की बाही चिमटीत धरून म्हणणार, "आमच्या बुर्गोसचे व्यापारी लोकरीवरच गबर झाले गं." माझ्या मुलीने शाळेच्या प्रोजेक्टमध्ये तिथल्या टोकदार कमानी गोल काढल्या, तर पेन्सिल घेऊन असे बसले की पोरीचं जेवण गार झालं. कुणाची चूक म्हणून सोडायची नाही. इथल्या मराठी मंडळात ते दिसले की लोक चहाच्या रांगेतून सटकायचे. सटकणाऱ्यांत मीही होते, खोटं कशाला बोलू.

उन्हाळ्यात आम्ही स्पेनमध्ये सँटँडरला निघालो, तर काका लगेच हजर. तिथून बुर्गोस दोन तासांवर, म्हणाले. कॅथीड्रलमध्ये घड्याळावर लाल कोटातला एक गमतीदार पुतळा आहे, तो घंटेच्या ठोक्याला तोंड उघडतो. दुपारी बाराला बारा वेळा. तेवढं व्हिडिओ कॉलवर दाखव, तुझी काकूही बघेल. काकूंना स्ट्रोकनंतर बोलता येत नाही, आणि त्यांना सोडून काका तास-दोन तासांपलीकडे कुठे जात नाहीत. मी तोंड भरून हो म्हटलं.

आणि गेले नाही. कारण सांगायचीसुद्धा लाज वाटते, हॉटेलचा पूल छान होता. ठरलेल्या दिवशी काकांचे तीन मिस्ड कॉल दिसले. संध्याकाळी मी मेसेज टाकला, आत नेटवर्क नव्हतं, पण बघून आले, अप्रतिम.

एवढ्यावर भागलं असतं. पण मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात काकांनी स्वतःची दहा मिनिटं मला देऊन टाकली. मी नुसतं पुस्तकात वाचलेला माणूस, ही डोळ्यांनी बघून आली, असं सांगून पहिल्या रांगेत जाऊन बसले. मग काय, दिलं ठोकून. चौकात केवढी गर्दी, वर घड्याळ, पुतळ्याने तोंड उघडलं की पोरं कशी टाळ्या पिटतात. बोलता बोलता एकदम आठवलं. पुतळा कॅथीड्रलच्या आत आहे, बाहेर नाही. काकांनीच दहादा सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं.  चूक काढायच्या ऐवजी सगळ्यांच्या आधी टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

त्यांना गाडीने घरी सोडलं, तर आत ये म्हणून हटूनच बसले. काकू खिडकीपाशी खुर्चीत होत्या. "ही बघ, बुर्गोसला जाऊन आली," काका त्यांना म्हणाले. मग ताठ उभे राहिले, डोळे वटारले आणि आ वासला. टण्. मिटला. पुन्हा टण्. पाचव्या ठोक्याला काकूंच्या ओठाचा एक कोपरा हलला, आणि मग त्या हसायलाच लागल्या, आवाज न करता, खांदे हलवत. काका बारा पुरे करूनच थांबले.

"असंच ना गं?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली. शरमेने मला वर बघवेना.

दारापर्यंत ते सोडायला आले. मी म्हटलं, "काका, मी तिथे..."

"माहीत आहे मला," ते हळूच म्हणाले. "पण हिला सांगू नकोस. तुझा फोन येईल म्हणून त्या दिवशी दोन तास तिने मला आयपॅड बंद करू दिला नव्हता."