सर सोडून सगळ्यांना दिसलेला पतंग

"हंगाम संपायच्या आत तो पतंग मला दिसला नाही, तर नोंदणीप्रमुखाची खुर्ची सोडतो!" भूगोलाच्या निवृत्त सरांनी भर सभेत ठणकावून सांगितलं होतं.

दूर देशांहून उडत येणारा, फुलपाखरासारखा बोटभर राखाडी पतंग जिथे दिसेल तिथे लोकांनी फोटो काढायचा, फोनवरून पाठवायचा आणि नकाशावर लाल ठिपका उमटायचा, ही सगळी योजना सरांची. नियमही त्यांचेच. पहिला नियम म्हणजे बोट दाखवायचं नाही, ओरडायचं नाही, गुपचूप फोटो काढून सरकायचं. आणि चार वर्षांत खुद्द सरांच्या नावावर एक ठिपका नाही! मेहुण्याच्या नावावर तीन!

शेवटच्या दिवशी, रात्रभर गॅलरीत वाऱ्यावर टाकलेला लोकरी कोट चढवून सर तावातावाने बाहेर पडले. ग्रंथालयातून निघून कोपऱ्यावर येतात न येतात तोच फोन वाजला. ठिपका ग्रंथालयात! सर धावत मागे.

"बाई, कुठाय पतंग?"

"तुम्ही गेलात, तसा तोही गेला."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"नियम आहे ना, सर," ग्रंथपालबाई नम्रपणे म्हणाल्या.

औषधाच्या दुकानात तर सर नुसते पाठमोरे झाले आणि फोन वाजला! गर्रकन वळून पाहतात तर दुकानदार छताकडे बघतोय. पोस्टात तीन ठिपके, बँकेच्या रांगेत पाच. सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. बरं, प्रत्येक फोटोत पतंगामागे तेच राखाडी, खरबरीत खोड!

"हे झाड आहे कुठं?" सर भर रस्त्यात गरजले. "चाळीस वर्षं या गावाचा भूगोल शिकवलाय मी!"

नोंदणी पाचला कायमची बंद होणार होती. पाचला दहा मिनिटं कमी असताना ते घरी आले आणि कोटासकट टेबलाशी बसून राजीनामा लिहू लागले. मेहुणा चहा पीत होता. इतक्यात फोन वाजला. ठिपका थेट त्यांच्याच घरात!

"कोणी पाठवला हा?"

"मी," बायको म्हणाली. "नियमाप्रमाणे."

सरांनी फोटो उघडला. तेच खोड. पण या खोडाला वर कॉलर होती आणि कॉलरवर एक टक्कल होतं.

"माझ्या पाठीवर!" सर किंचाळत उठले. पतंग भर्रकन उडाला आणि त्यांच्या मागच्या खिडकीतून बाहेर पडला. सर वळेपर्यंत खिडकीत नुसता पडदा हलत होता.

"काय सुंदर होता हो, दाजी!" मेहुणा हळहळला.

सरांनी बायकोची नोंद शेवटपर्यंत वाचली. 'पतंग कशावर बसला होता?' या त्यांनीच आखलेल्या रकान्यात तिने नीट लिहिलं होतं, 'माजी नोंदणीप्रमुखांवर.'