शुक्रवारचे सात

या सगळ्या खटाटोपात एन्सिओला काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकतो. शुक्रवार, संध्याकाळी सात! फिनलंडमधल्या कुओपिओ गावात त्यांच्या इमारतीला तळघरात एकच सौना, आणि घरटी आठवड्यातून एकच तास तापल्या दगडांवर पाणी मारून घाम काढायचा. एन्सिओच्या वाट्याला आलेला मंगळवार, दुपारी चार. त्या वेळी घाम गाळायला मांजरसुद्धा जात नाही! शुक्रवारचे सात रौहाबाईंकडे होते, इमारत उभी राहिली तेव्हापासून. ही वेळ घरातलं माणूस गेल्याशिवाय हलत नाही, आणि रौहाबाईंची तब्येत तर नुकत्याच रंगवलेल्या बोटीसारखी!

पण रौहाबाईंचीही एक नड होती, आणि इमारतीचं इंटरनेट सांभाळायचा एन्सिओच. संध्याकाळी सगळी इमारत एकाच इंटरनेटवर तुटून पडायची, आणि ओस्लोतली त्यांची नात फोनच्या पडद्यावर तोंड उघडं टाकून थिजायची.

"ज्या दिवशी माझी नात तोंड मिटेल ना, एन्सिओ, त्या दिवशी शुक्रवार तुझा!"

"मिटलंच म्हणून समजा!"

घरी कॉफी ओतता ओतता त्याने बायकोला, सिर्पाला, सगळं समजावलं. "जुना राऊटर गर्दी झाली की निरोप सरळ फेकून देतो. नवा सभ्य आहे. तो निरोपावर नुसती खूण करतो, की गर्दी आहे, जरा दमानं घ्या. पाठवणारा आपोआप हळू होतो. फेकाफेकी नाही, धक्काबुक्की नाही!"

"आणि ज्याला ती खूण कळत नाही, त्याचं काय?"

"असं कोण उरलंय आता!"

रविवारी नवा राऊटर बसला. नातीने तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि चक्क हसली! रौहाबाईंनी डोळे पुसत शुक्रवार देऊन टाकला. एन्सिओही उदार झाला. आपला मंगळवार त्याने खालच्या मजल्यावरच्या हुओविनेनला दिला आणि शुक्रवारसाठी मेहुण्याला, यॉर्माला, आमंत्रण धाडलं. यॉर्माची तलावाकाठी स्वतःची लाकडी सौना. इमारतीतल्या सौनाला तो वर्षानुवर्षं 'बुटांचं कपाट' म्हणत आला होता. आता बघ म्हणावं!

बुधवारी सकाळी जिन्यात हुओविनेन भेटला.

"कशी झाली सौना?"

"झाली."

हुओविनेनच्या तोंडून एवढं म्हणजे भाषणच! एन्सिओ खूश. बुधवारवाले खाली जाऊन आले, गुरुवारवालेही आले. तक्रार कुणाचीच नाही.

शुक्रवारी त्याने फोनवरून, इमारतीच्या त्याच इंटरनेटवरून, सौनाच्या शेगडीला हुकूम सोडला: तापव! सातला दोघे मेहुणे उघडेबंब होऊन वरच्या फळीवर बसले. यॉर्माने पळीभर पाणी दगडांवर फेकलं. चर्र नाही, वाफ नाही. टप, टप, टप!

"एन्सिओ," यॉर्मा अदबीने म्हणाला, "आमच्याकडे याला दगड धुणं म्हणतात."

एन्सिओ पंचा गुंडाळून बाहेर धावला. भिंतीवर शेगडीसाठी फोनचे हुकूम झेलणारा म्हातारा डबा! त्या डब्याने जन्मात राऊटरची असली खूण पाहिली नव्हती. खूण दिसली की संशयास्पद समजून निरोप गुपचूप फेकून द्यायचा! तेवढ्यात कचऱ्याची पिशवी घेऊन हुओविनेन आला.

"हुओविनेन! मंगळवारी शेगडी तापली होती?"

"नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस, कशी झाली. झाली ना! टोपी घालून बसलो. वाटलं, वीज वाचवायची नवी पद्धत असेल."

"आणि बुधवारवाले?"

"त्यांनी मोजेही घातले होते."

एन्सिओ पंचासकट जिना चढला आणि कपाटातल्या राऊटरची खूण बंद केली. खाली शेगडी लाल झाली! पण वर दार धाडकन उघडलं.

"एन्सिओ! नातीचं तोंड उघडं पडलं!"

त्याने खूण चालू केली. तोंड मिटलं. पण 'चालू राहा' असं सारखं कानावर पडलं नाही, तर ती शेगडी सुरक्षिततेसाठी आपणहून विझते. विझली! त्याने खूण बंद केली, की तोंड पुन्हा उघडं! शेवटी रौहाबाईच फोन हातात धरून खाली उतरल्या.

"आजी," फोनमधून आवाज आला, "हे काका असे का उभे आहेत?"

"तुझ्या तोंडासाठी, बाळ!" मग त्या एन्सिओकडे वळल्या. "शेगडीला हाताचं बटण आहे ना?"

"आहे, बाहेर या डब्यावर. पण ते थोड्या थोड्या वेळानं दाबावं लागतं."

"दाबू या की! खूण राहू दे. इमारतीत खूण आणली कुणी?"

"एन्सिओनं," हुओविनेनने न विचारता सांगितलं.

तर जमाखर्च असा. रौहाबाईंना नात मिळाली. शुक्रवारही मिळाला, कारण सातला एन्सिओ बटणापाशी उभा राहणार, मग आत बसणार कोण? मंगळवार हुओविनेनकडेच राहिला. दिलेली वेळ परत मागणं बरं दिसत नाही. यॉर्माला दर नाताळात सांगायला एक गोष्ट मिळाली.

आणि एन्सिओ? तो आता रोज संध्याकाळी सौनालाच असतो. दाराबाहेर, कोट घालून.

"एन्सिओ, बटण!"