अर्ध्या डोक्याची अट

सभा सुरू व्हायच्या आधीच शाळेच्या हॉलमधली वीज गेली, तेव्हा कंपनीच्या ताईला मनातून आनंदच झाला. गावाबाहेरच्या माळावर वीज साठवून ठेवणाऱ्या मोठमोठ्या बॅटऱ्या बसवायच्या होत्या आणि त्याआधी गावाचं म्हणणं ऐकून घ्यायला तिला पाठवलं होतं. एकटीनं घ्यायची तिची ही पहिलीच सभा. बिघडली, तर पुन्हा ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या सभांचे फोटो चिकटवायचे, असं साहेबांनी अगदी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं. नमुना म्हणून तिनं प्रवासी बॅगेएवढी एक छोटी बॅटरी आणली होती. अंधारात तिच्यावर दिवा लावून दाखवला, की भाषण करायचीही गरज नाही. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसंच झालं म्हणायचं. फक्त त्यातला एक डोळा वटारलेला होता.

त्या गावात वीज जाणं हे नेहमीचंच. त्यामुळे एक रीतच पडून गेली होती. ज्याच्या घरी इन्व्हर्टर, त्याच्या खिडकीतून सगळ्या गल्लीच्या वायरी आत. कुणी विचारत नसे आणि कुणी नाही म्हणत नसे. ताईला हे काय ठाऊक? पहिल्या रांगेतल्या आजोबांनी मोबाईल लावला, तेव्हा ती हसून "लावा ना," म्हणाली. तिथेच घात झाला. पाहता पाहता बॅटरीला एक्स्टेंशन बोर्ड, त्या बोर्डाला आणखी एक बोर्ड लागला. चहावाल्या मावशीनं तर सभेसाठीच म्हणून विजेची मोठी किटली जोडली. चहा फक्कड झाला. बॅटरीवरचा चार्जचा आकडा मात्र असा घसरला, की ताईनं कप तसाच खाली ठेवला.

तेवढ्यात दारात नाहीकाका उभे राहिले. पुलाला नाही, टॉवरला नाही, शाळेच्या नव्या रंगालाही नाही म्हणालेले हे काका. बॅटरीला तर त्यांचा विरोध सभेची तारीख ठरण्याआधीपासूनचा. आज मात्र त्यांच्या गळ्यात सलूनचा टॉवेल होता आणि डोकं बरोब्बर अर्धं भादरलेलं. डावीकडे गुळगुळीत पठार, उजवीकडे जंगल. मागे सलूनवाला मशीन हातात घेऊन ओशाळून उभा. वीज गेली ती नेमकी मधल्या भांगावर.

तत्त्व मोठं की डोकं, याचा निकाल काकांनी बॅटरीशेजारच्या खुर्चीत बसून दिला.

"माझा विरोध कायम आहे," ते ताईला म्हणाले. "फक्त उरलेलं डोकं तेवढं होऊ दे."

मशीन गुरगुरलं. जंगलाच्या कडेची दोन झुडपं पडली असतील नसतील, तोच त्यांच्या घरच्या काकू धावत आल्या. काखेत अंडी उबवायची पेटी. मागच्या वेळी वीज गेली होती तेव्हा पेटी गार पडली आणि एकही पिल्लू बाहेर आलं नव्हतं. काकू त्यानंतर कितीतरी दिवस त्या खोलीत गेल्या नव्हत्या, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांनी बॅटरीचा लाल झालेला आकडा पाहिला आणि एकेक प्लग उपटायला सुरुवात केली. मोबाईल गेले, किटली गेली, ताईचा दाखवायचा दिवासुद्धा गेला. शेवटी काकांचं मशीन.

"अगं, माझं डोकं," काका म्हणाले.

"ते वाढतं," काकू म्हणाल्या. "आतली पिल्लं थांबायची नाहीत."

पेटीचा बारीक पिवळा दिवा लागला. तेवढ्याच उजेडात ताईची पहिली सभा उरली होती. आग लागली तर काय, आवाज किती होईल, याची उत्तरं तिनं घोकून आणली होती. काकांनी विचारलं भलतंच.

"मला एक सांग पोरी. तुझी ती मोठी बॅटरी माळावर उभी राहील आणि गावात असाच अंधार झाला, तर प्लग कुणाच्या हातात?"

ताईला गोल गोल बोलता आलं असतं. तसं शिकवलंही होतं. पण समोर अर्धं डोकं आणि पिवळा दिवा.

"खरं सांगते काका. आत्ताच्या आराखड्यात गावाला काहीच नाही. सगळी वीज मोठ्या लाईनवर जाणार."

"म्हणजे माळ आमचा, बॅटरी आमच्या दारात, आणि अंधारही आमचाच."

मग साहेबांचा फोन आला. विरोध आहे का, असं त्यांनी विचारलं. "विरोध नाही, अट आहे," ताई म्हणाली. "आणि ती माझ्यासमोरच बसलीय." गावची वीज गेली की आधी गाव, हे ठरेपर्यंत काका उरलेलं डोकं कापून घेणार नव्हते. ताईनं त्या डोक्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठवून दिला. बॅटरी मात्र तिनं परत नेली नाही. पेटीचं काय होईल, म्हणून काकूंकडेच ठेवली.

मध्ये बरेच दिवस गेले. सलूनवाल्याचं नाव बद्दू झालं, काकूंनी एका लग्नात काकांना भिंतीला चिकटवून बसवलं, पण काका हटले नाहीत; डावीकडचं पठार रोज दाढीबरोबर गुळगुळीत ठेवत राहिले. शेवटी साहेब विरघळले, की रोज तो फोटो बघून कंटाळले, कोण जाणे. आराखडा बदलला. ताई स्वतः सांगायला आली, तेव्हा काका थेट सलूनच्या खुर्चीत जाऊन बसले. सगळं गाव काचेला नाक लावून उभं. मशीन सुरू झालं आणि वीज गेली.

ताईनं सवयीनं बॅग चाचपली. सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या.

"आणू का?" काकूंनी विचारलं. "पण पिल्लं बॅटरीला टेकून झोपलीयत. पेटीतून काढल्यापासून तिथंच ऊब लागते त्यांना."

नाहीकाकांनी आरशात पाहिलं. जंगलावरून एकदा हात फिरवला.

"नाही," ते म्हणाले. "राहू दे. झोपू दे त्यांना."