गुहेतल्या किड्याचा तांबडा ठिपका

कोणताही प्राणी निव्वळ जन्माला आल्याने अस्तित्वात येत नाही. त्याचं वर्णन रीतसर छापून यावं लागतं. ही अट माणसांनाही लागू असून, प्राणिशास्त्राचे प्राध्यापक अविनाश सर तिच्यापायी बरीच वर्षं अस्तित्वात नव्हते. बढतीच्या कागदावर त्यांच्या नावापुढे 'संशोधन: निरंक' असा शेरा असे.

जानेफळच्या बाजूला एका टेकडीतल्या गुहेत सरांना ओल्या दगडाखाली एक किडा सापडला. खेकड्याचा दूरचा नातलग, सात जोड्या पाय. त्याचे भाऊबंद आपल्या न्हाणीघराच्या ओलीत असतात (त्यांना मराठीत धड नाव नाही, कारण त्यांनी कधी कुणाचं नुकसान केलं नाही). हा मात्र पांढराफटक आणि आंधळा. पुन्हा पुन्हा जाऊनही दुसरा मिळाला नाही. शास्त्राला एकही पुरतो, म्हणून सरांनी मसुदा केला:

डोळे: नाहीत. रंग: नाही. हालचाल: नाइलाज झाल्यासच. उजेडात आणल्यास: कोपरा गाठतो.

सौभाग्यवती जयमालाबाईंनी वाचून विचारलं, "हे किड्याचं हाय का तुमचं?" सरांनी तो प्रश्न प्रलंबित ठेवला.

नव्या जातीला स्वतःचं नाव देणं शास्त्रात असभ्य समजतात. ते दुसऱ्याने द्यावं लागतं. म्हणून सरांनी उदार मनाने संस्थेचे अध्यक्ष महादेवराव यांचं नाव दिलं (गुहा त्यांच्या वावरात होती, आणि बढतीच्या कागदावर सहीही त्यांचीच लागे). अध्यक्ष भारावले. किडा आंधळा असल्याचं त्यांना टप्प्याटप्प्याने कळवायचं ठरलं.

आता, सत्कार हा काम झाल्यावर करायचा विधी नव्हे. सत्कार झाला की काम झालं, असं आपल्याकडे धरतात. तेव्हा लेख छापून येण्याआधीच मंडप उभा राहिला. किडा काचेच्या बशीत, ओल्या कापसावर, हॅलोजनखाली व्यासपीठावर बसवण्यात आला. अध्यक्षांच्या सौभाग्यवती अन्नपूर्णाबाई औक्षणाला उठल्या. त्यांनी अध्यक्षांना कुंकू लावलं, प्राचार्यांना लावलं, सरांना लावलं आणि बशीपाशी थांबल्या.

"बाई, त्याले नका लावू," सर म्हणाले. "तो नमुना हाय."

"काऊन? आमच्या वावरातला पाव्हना. आमच्या ह्यायचं नाव लावून राह्यला, अन त्यालेच कोरडं ठेवू का?"

अध्यक्षांच्या सौभाग्यवतींना दोनदा अडवण्याचा प्रघात संस्थेत नाही. किड्याच्या पाठीवर चिमूटभर कुंकू पडलं, अक्षता पडल्या, टाळ्या पडल्या. पहिलं भाषण संपेपर्यंत सत्कारमूर्ती वारली. (ओलीत श्वास घेणारा जीव; हॅलोजन आणि स्वागतपर भाषण यांपैकी कशाने दगावला, हे स्पष्ट होऊ शकलं नाही.) तसा तो स्पिरिटमध्ये मरणारच होता, पण ते मरण शास्त्रीय ठरलं असतं.

कुंकू मात्र स्पिरिटनेही गेलं नाही. अमडापूरच्या बाजारातलं होतं आणि दुकानदाराने रंगाची खात्री दिली होती. सरांनी ब्रशने हलकेच घासलं, तर एक पाय निघाला. मग त्यांनी नाद सोडला आणि लेखासोबत फोटो मासिकाकडे तसेच पाठवले.

परीक्षकांचं उत्तर आलं. असले आंधळे किडे पुष्कळ आहेत. परंतु काळोखात राहणाऱ्या रंगहीन प्राण्याच्या पाठीवर तांबडा ठिपका प्रथमच आढळत आहे. लेखकाने त्याबद्दल मौन का पाळलं? खुलासा आल्यास लेख आनंदाने स्वीकारू.

सरांनी ते पत्र जयमालाबाईंना वाचून दाखवलं.

"लिहून टाका न, कुंकू हाय म्हून," जयमालाबाई म्हणाल्या.

"अन मंग उरते काय? एक पांढरा किडा अन मी."

त्यांनी खुलासा लिहिला: 'सदर ठिपका हे या जातीचं प्रमुख ओळखलक्षण होय.' लेख छापून आला, मागोमाग बढती आली, आणि सर अस्तित्वात आले.

पुढच्या वर्षी नागपूरहून मंजुश्री नावाची हुशार संशोधक आली. त्याच गुहेच्या आतल्या अंगाला तिला ढीगभर किडे मिळाले.

"सर, सगळं तुमच्या जातीसारखंच आहे. फक्त ठिपका नाही."

सरांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. खरं सांगायला याहून बरी वेळ पुन्हा येणार नव्हती, हे त्यांना कळत होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि चहा सांगितला.

ज्याअर्थी ठिपका नाही, त्याअर्थी जात वेगळी. मंजुश्रीने तिचं वर्णन छापलं आणि आदरापोटी तिला सरांचं नाव दिलं. अशा रीतीने खरा किडा खोट्या किड्याचा चुलत भाऊ ठरला. महादेवरावांची जात त्यानंतर कुठेच आढळली नसून, अतिदुर्मिळ म्हणून तिच्या संरक्षणाचा प्रस्ताव विचाराधीन आहे. सरांची जात विपुल आहे.

पुन्हा मंडप उभा राहिला, बशीत मंजुश्रीचा किडा बसला. अन्नपूर्णाबाई कुंकवाचा करंडा घेऊन बशीपाशी आल्या, तेव्हा सरांनी बशीवर हात धरला.

"त्याले राहू द्या बाई. मलेच लावा."

बाईंनी लावलं. जयमालाबाई पहिल्या रांगेतून बघत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

ठिपका कशाचा, हे ठाऊक असणारे असे: सर, जयमालाबाई, मंडपातली समस्त मंडळी आणि आता वाचक. मासिकाच्या संपादकांना एक ओळ कळवायला वाचकाची काहीच हरकत नसावी. परंतु तो हसेल आणि पान उलटेल, असा आजवरचा अनुभव आहे. म्हणून त्याचंही वर्णन करून ठेवलं आहे. जात नवी नाही, सर्वत्र आढळते. डोळे: आहेत. उपयोग: आढळला नाही.