भरतीचा राजा आणि रेगचा कुत्रा

"दोन तास दे मला फक्त," लेनर्ड टॅपसेल म्हणाला. "रविवारी संध्याकाळी माझ्या घरातून बाहेर पडशील तेव्हा तू वेगळा माणूस असशील, रेग!"

रेग हनीसेटनं बिअरचा ग्लास खाली ठेवला आणि आपल्या पोटाकडे पाहिलं. चाळीस वर्षांपूर्वी शिवून घेतलेलं चामड्याचं जाकीट तो अजूनही घालायचा. त्याची चेन लागणं मात्र नव्वद सालीच बंद झालं होतं.

"वेगळा म्हणजे बारीक का?" त्यानं विचारलं.

लेननं तिकडे दुर्लक्ष केलं. चेष्टा चालवून घ्यायला त्याच्याकडे वेळच नव्हता. इंग्लंडातल्या फॅव्हरशॅम गावच्या क्रीक स्ट्रीट क्लबमध्ये दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी लेनची 'लांब रेकॉर्डची संध्याकाळ' व्हायची. सव्वीस वर्षं अखंड! सुरुवातीला चाळीस माणसं यायची. आता चार यायची, आणि त्यातला एकजण हीटरसाठी. क्लबच्या अध्यक्षा मिसेस ग्लॅडविन यांनी ठराव आणला होता की तो गुरुवार आता काउबॉय टोप्या घालून रांगेत नाचणाऱ्या बायकांना द्यावा. मंगळवारी समितीचं मतदान. दोन मतं लेनच्या बाजूनं, दोन विरुद्ध, आणि पाचवं मत रेगचं.

रेग म्हणजे निवृत्त प्लंबर आणि कट्टर जुन्या रॉकचा भक्त. गाणं कसं असावं याबद्दल त्याची मतं पक्की होती. साडेतीन मिनिटं, दोन गिटारी, एक ड्रमवाला आणि बायको सोडून गेल्याबद्दल ओरडणारा एक गायक. यापलीकडे काही असलं की त्याला ते घरच्या अभ्यासासारखं वाटायचं. आणि लेनचं दैवत होतं प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे प्रोग. त्यात एक गाणं तबकडीची अख्खी बाजू खातं, ठेका मध्येच सातावर जातो आणि गायक तोंड उघडेपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा गार होतो.

"तुझं ते ऐकून मला आवडलं, तर हात तुझ्यासाठी वर," रेग म्हणाला. "नाही आवडलं, तर बायका नाचतील. मला दोन्ही चालतं."

लेन हसला खरा, पण मनातून तो घाबरला होता. गुरुवार गेला तर या संगीताबद्दल बोलायला त्याला कोणी उरणार नव्हतं. ज्याच्याबरोबर त्यानं ती संध्याकाळ सुरू केली तो केन दोन वर्षांपूर्वी गेला. महिन्यातल्या त्या दोन तासांसाठी लेन उरलेला महिना काढायचा, आणि हे त्यानं बायकोला, मॉरीनलाही कधी सांगितलं नव्हतं.

रविवारी दुपारी लेननं सगळी मोर्चेबांधणी केली. रविवारच्या भरपेट जेवणानंतर लगेच नको, रेग झोपेल. चार वाजता बरोबर! जड पडदे ओढले, कुकू वाजवणारं घड्याळ स्वयंपाकघरात हलवलं आणि कपाटातून आपला खजिना काढला. 'ग्रे हेरॉन' या बँडची दोन तबकड्यांची रेकॉर्ड, 'भरतीचा राजा'. ब्याऐंशी साली बाजारात त्याला ती जुन्या सामानात मिळाली होती. चार बाजूंत मिळून एकच गोष्ट. या गोष्टीवर लेननं बेचाळीस पानांची पुस्तिका लिहिली होती आणि स्वखर्चानं छापली होती. पन्नास प्रती. त्यातल्या सत्तेचाळीस जिन्याखाली होत्या.

रेग आला. लेननं प्रस्तावना सुरू केली. पंचवीस मिनिटं झाली तेव्हा मॉरीन चहाची किटली घेऊन आली.

"सुरू झालं का?" तिनं विचारलं.

"अजून बँडची शाळा चाललीय," रेग म्हणाला. "आत्ता कुठे त्यांचा बासरीवाला तिसरीत गेलाय."

"बिचारा," मॉरीन म्हणाली. ती कोणाबद्दल बोलली ते लेनला कळलं नाही.

शेवटी लेननं पहिली तबकडी लावली. लाटांचा आवाज. मग ऑर्गन. मग पुन्हा लाटा. चार मिनिटांनी सगळं शांत झालं, तसा रेग टाळ्या वाजवत उठला. "वा! छान होतं. निघू?"

"बस खाली! ही सुरुवात आहे!"

"मग थांबले कशाला?"

"विचार करतायत!"

अशा प्रकारे रेग एकूण तीनदा उठला आणि तीनदा बसला. मधल्या वेळात राजाचा राजवाडा भरतीनं गिळला, आपल्या कुत्र्याला किनाऱ्यावर सोडून राजा होडीतून निघाला आणि दूर कुठेतरी घंटेचे तीन ठोके पडून बाजू संपली. लेननं डोळे पुसले, तबकडी उलटी केली आणि मागची बाजू लावली.

पाच मिनिटांनी रेगची भुवई वर गेली. "लेन, हा आत्ताच निघाला ना घरून?"

"हो."

"मग लगेच म्हातारा होऊन परत कसा आला? विसरला का काही?"

"काळ गोल आहे, रेग," लेन गंभीरपणे म्हणाला. "तेच तर पुस्तिकेच्या अकराव्या पानावर आहे. आधी परतणं, मग भटकणं, आणि शेवटी समुद्राच्या तळाशी मरण. खरं घर म्हणजे तळ!"

रेगनं तबकडीचं पाकीट हातात घेऊन निरखलं. "इथं बाजू चार असं छापलंय. एकच्या मागे चार?"

लेनचा चेहरा उजळला. या प्रश्नाची तो सव्वीस वर्षं वाट पाहत होता! "सगळ्यांना ती छपाईची चूक वाटते. ती चूक नाही! ही माणसं सात मात्रांत गातात, रेग. ती एक, दोन, तीन, चार असं सरळ मोजतील का? मुद्दाम केलंय ते! पान चौदा!"

रेग तेव्हा पायानं ठेका धरायच्या खटपटीत होता. आयुष्यभर चार मोजलेला पाय सातात सापडला. एक, दोन, तीन, चार, आणि पाचव्याला बूट जाईना, म्हणून त्यानं जोर लावला. बूट बैठ्या टेबलाला लागला, टेबल उडालं, किटली उडाली आणि सगळा चहा लेनच्या रेकॉर्ड प्लेअरमध्ये! एक निळी ठिणगी, करपल्याचा वास आणि गोल काळाचा कारभार तिथेच आटोपला.

लेन पांढराफटक पडला. तबकडी त्यानं पुसून पाहिली, ती वाचली होती. यंत्र गेलं होतं. मंगळवार दोन दिवसांवर आला होता आणि रेगनं जेमतेम दीड बाजू ऐकली होती.

"घाबरू नकोस," रेग म्हणाला. चूक त्याची होती आणि फुटलेल्या गोष्टी दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. "आईचं जुनं मशीन आहे माझ्याकडे. आलोच!"

दहा मिनिटांत तो एक सुटकेसएवढी लाल पेटी घेऊन आला. मधोमध बोटभर उंच दांडा. लेनला धोक्याची जाणीव व्हायच्या आतच रेगनं दोन्ही तबकड्या एकीवर एक त्या दांड्यावर चढवल्या.

"अरे, काय करतोयस! एकीवर एक? घासतील!"

"हे असंच वापरायचं असतं. आई स्वयंपाक करताना उठायची नाही. खालची पडते, वाजते. मग वरची तिच्यावर पडते, वाजते. मग दोन्ही मिळून उलटायच्या." रेग बोलता बोलता थांबला आणि त्याचा चेहरा बदलला. गळती नेमकी कुठे आहे ते सापडल्यावर प्लंबरचा होतो तसा. "आईच्या सगळ्या जोड-रेकॉर्डी अशाच होत्या, लेन. एकच्या मागे चार, दोनच्या मागे तीन. या मशीनसाठी!"

"अशक्य," लेन म्हणाला.

"बघूच की."

खट्! पहिली बाजू पुन्हा सुरू झाली. लाटा, ऑर्गन, होडी. शेवटी घंटेचे तीन ठोके. खट्, दुसरी तबकडी पडली, आणि बाजू दोन सुरू झाली ती घंटेच्या चौथ्या ठोक्यानं.

तीच घंटा. तोच सूर. लेनला दरदरून घाम फुटला. ही घंटा दुसऱ्या तबकडीच्या सुरुवातीला एकटीच का वाजते यावर त्यानं तीन पानं लिहिली होती! त्यात चंद्र आणला होता, मोक्ष आणला होता!

"सांधा बघ कसा बसलाय," रेग कौतुकानं म्हणाला. "पाणी नाही गळायचं."

राजा भटकला, स्वतःचं नाव विसरला. रेगनं तबकड्या उलटल्या. राजा समुद्राच्या तळाशी गेला आणि मेला मेला म्हणेपर्यंत वर आला. रेग आता उठत नव्हता. पायही सुटला होता. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात! शेवटची बाजू लागली. राजा म्हातारा होऊन घरी आला. बायकोनं ओळखलं नाही, लेकांनी ओळखलं नाही. किनाऱ्यावर एक आंधळा कुत्रा पडला होता, त्यानं वास घेतला आणि शेपूट हलवली. मग सगळी वाद्यं एकदम कोसळली, आणि रेग हनीसेट चामड्याच्या जाकिटात हुंदके देऊन रडू लागला.

त्याचा बिस्किट नावाचा कुत्रा जानेवारीत गेला होता. चौदा वर्षांचा. रेग त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता.

"इतकी वर्षं वाट बघत बसला ना तो," रेग नाक शिंकरत म्हणाला. "तू काय लिहिलंयस कुत्र्याबद्दल?"

लेननं पुस्तिका उघडली. पान सव्वीस. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "कुत्रा हे मृत्यूचं रूप असून राजाला तो तळाकडे बोलावतो."

रेगनं ओल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "लेन. कुत्रा म्हणजे कुत्रा रे."

आता पंचाईत आली. हो म्हणावं तर बेचाळीस पानं पाण्यात, आणि पुस्तिका हे लेननं आयुष्यात केलेलं एकच मोठं काम होतं. नाही म्हणावं तर वाद, आणि वादात लेन कधी थांबल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. पण समोर रेग रडत होता, आणि 'भरतीचा राजा' ऐकून कोणी रडलेलं लेननं केननंतर पाहिलं नव्हतं. त्यानं पुस्तिका मिटली.

"हो," तो म्हणाला. "कुत्रा म्हणजे कुत्रा."

मंगळवारी मतदान झालं. मिसेस ग्लॅडविननी ठराव वाचला आणि कोण विरुद्ध म्हणून विचारलं. रेगनं दोन्ही हात वर केले!

"एकच मोजला जाईल, मिस्टर हनीसेट."

"मग दुसरा कुत्र्याचा समजा," रेग म्हणाला आणि उभा राहून त्यानं अख्खी गोष्ट सांगितली. प्रस्तावना नाही, मोक्ष नाही. राजा, होडी, कुत्रा, चार मिनिटांत खलास! मिसेस ग्लॅडविनकडे तीन म्हातारे कुत्रे होते. शेपटीपर्यंत गोष्ट आली तेव्हा त्यांनी चष्मा काढला, आणि नाचणाऱ्या बायकांना बुधवार मिळाला.

पुढच्या गुरुवारी क्लबमध्ये त्रेपन्न माणसं! काही जण कुत्री घेऊन आले होते. काउबॉय टोप्या घातलेल्या सहा बायका पहिल्या रांगेत होत्या. रेगनं लाल पेटी टेबलावर ठेवली, दांड्यावर तबकड्या चढवल्या आणि "खट् ऐकू आलं की घाबरू नका," एवढीच प्रस्तावना केली. शेवटच्या बाजूला खोलीभर रुमाल निघाले. टाळ्या थांबेनात! लेन मागे उभा होता. सव्वीस वर्षांत इतका आनंद त्याला झाला नव्हता, आणि जाताना रेगनं त्याला मिठी मारली तेव्हा तर तो चक्क लाजला.

खाडीच्या कडेनं घरी जाताना लेनची छाती फुगलेली होती.

"बघितलंस मॉरीन? मी म्हटलं होतं, दोन तास पुरे आहेत! केलं की नाही रेगला प्रोगभक्त?"

"केलंस," मॉरीन म्हणाली.

"एकच्या मागे चार, हे तेवढं माझ्या लक्षात आलं नाही. पण ते कोणाच्या लक्षात येणार होतं?"

"मी सांगितलं होतं की. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. म्हटलं, लेन, मागे चार लिहिलंय, दुसरी तबकडी लाव आधी."

लेन थांबला. "मग मी काय म्हणालो?"

"म्हणालास, मॉरीन, प्रोग कळायला वेळ लागतो."

मॉरीननं त्याच्या हातात हात घातला आणि त्याला चालायला लावलं.

"खरंच लागला की," ती म्हणाली. "एकेचाळीस वर्षं. पण मला नव्हे."